हवा धरली

मोटर फिरत होती. हात लावला तर गरम लागत होती, आवाजही एकसारखा येत होता. फक्त पाइपातून थेंबभरही पुढे सरकत नव्हतं.

जूनमधली शनिवारची रात्र, आठ वाजलेले. डेन्व्हरमध्ये भाड्याने घेतलेल्या घराचं गॅरेज. समोर स्टीलच्या भांड्यात वीस लिटर उकळतं वर्ट. वर्ट म्हणजे बिअर होण्याआधीची बिअर. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची, ६६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायची. तिच्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं आणि हॉप्स घालून तासभर उकळायचं. इथवर कुणालाही जमतं. खरी घाई पुढे असते. यीस्टला सोसेल इतकं, म्हणजे वीसेक अंशांपर्यंत, ते पटकन गार करावं लागतं. गोड कोमट पाणी उघडं राहिलं की नको ते जंतू आधी जेवायला बसतात. म्हणून पंप. तो गरम वर्ट कूलरमधून ढकलतो आणि पलीकडे ते थंड होऊन बादलीत पडतं. पडायला हवं.

आधी मला पंख्याचाच संशय आला. या छोट्या पंपात मोटरचा दांडा पंख्याला जोडलेला नसतो. मध्ये प्लास्टिकची भिंत असते आणि बाहेरचा मॅग्नेट आतल्या मॅग्नेटला फिरवतो. आत कचरा अडकला तर मोटर फिरत राहते आणि पंखा जागचा हलत नाही. स्विच काढला, चार स्क्रू काढले, हात भाजून घेतला. पंखा बोटाने छान फिरत होता. पुन्हा जोडला. पुन्हा तेच. मागच्या महिन्यात याच पंपाने बादलीतलं गार पाणी धो धो ओढलं होतं.

पंप पाणी उचलत नसेल तर काय करायचं हे सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो माण तालुक्यात राहतो आणि त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

आमची विहीर, तिच्या काठावर पाच एचपीची मोटर. वीज रात्रीची. बारा वाजता आबा उठायचे, मी बॅटरी धरायचो. पंपाने पाणी सोडलेलं असायचं, म्हणजे खालचा फूटवाल गळून पाइप रिकामा झालेला. मग बादल्या ओतून पंप भरायचा, एअर कॉक उघडून फुरफुर हवा जाऊ द्यायची, पाणी आलं की कॉक बंद, मग बटण. फूटवाल फारच गळत असेल तर आबा पाण्यात शेण कालवून ओतायचे. शेण फटीत जाऊन बसतं आणि वाल धरतो. मी तेव्हा सातवीत होतो, मला फक्त झोप यायची.

माळ त्यांनी काका गेल्यावर घातली. काका दारूने गेले, एकेचाळिसाव्या वर्षी. त्यांना दवाखान्यात नेलेली गाडी आबाच चालवत होते. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. फक्त कुणाच्या लग्नात वरातीतली पोरं पिऊन नाचायला लागली की आबा चप्पल शोधतात.

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्यानं वाट मोकळी केली. आता एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत करता येते. आबांना मी या छंदाबद्दल तीन वर्षांत अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याला कायदा काय करणार?

फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, साडेसात. धारा झाल्या असणार.

"आबा, एक छोटा पंप आहे. पाणी उचलत नाहीये."

"कुटला पंप? तिकडं कसली शेती?"

"घरातलं काम आहे. गरम पाणी एका भांड्यातून दुसरीकडं न्यायचंय."

"आवाज ऐकव."

मी फोन मोटरपाशी धरला. पाचेक सेकंद.

"कोरडा चाललाय. बंद कर आदी. हवा धरलीया त्यानं."

मग उलटतपासणी सुरू झाली. पंप भांड्याच्या खाली आहे का वर? मी बघितलं. स्टँडच्या फळीवर होता, भांड्याच्या तोटीच्या बरोबरीनं. पाइपाला कुठं कुबड आहे का? होतं. या वेळी लांब पाइप घेतला होता, तो आधी वर चढून मग खाली येत होता. तोटी किती उघडलीय? अर्धी. उकळतं आहे, हळूहळू जावं म्हणून.

"आरं यड्या, वढायच्या बाजूला कधी आवळायचं न्हाई. आवळायचं तर पुढं."

हे मी कॉलेजात शिकलो होतो, मार्कही मिळवले होते. पंप पाणी ओढत नाही. तो समोरचं पाणी पुढे ढकलतो आणि मागच्या रिकाम्या जागेत बाहेरची हवा पाणी दाबून आणते. समुद्रकाठी ती हवा पाण्याला फार तर दहा मीटर चढवू शकते, प्रत्यक्षात सहा-सात. डेन्व्हर १६०० मीटर उंचीवर, इथे हवाच विरळ. पाणी ९५ अंशांनाच उकळतं. आणि उकळत्या पाण्याला तर दाब जरा कमी झाला की तिथल्या तिथे वाफ होते. पंप वाफेत नुसता फिरत बसतो. अर्धी तोटी बंद करून मी नेमका तिथेच दाब कमी करत होतो.

"किती गरम हाय?"

"उकळतंय."

"मग जरा निवू दे की. गाळ हाय का त्यात?"

"आहे. पाला आहे."

"कसला पाला?"

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. हे मी सांगितलं नाही.

"आबा, फूटवाल नाहीये याला."

"मग शेण टाकून चालायचं न्हाई," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

गॅस बंद केला, झाकण ठेवलं, दहा मिनिटं थांबलो. आबा फोनवरच होते, मागे म्हैस ओरडत होती. पंप काढून जमिनीवर ठेवला. पाइप कापून सरळ उतरता केला. तोटी पूर्ण उघडली. एअर कॉक नव्हता, म्हणून हातमोजे घालून पुढचा पाइप सोडवला आणि पंपाचं तोंड वर धरलं. बुडबुडे आले, मग तपकिरी धार. पाइप जोडला. बटण. पुन्हा घरघर.

"बंद कर. हवा वर येऊ दे. आता चालू कर."

तिसऱ्या वेळी आवाज बदलला. जड झाला.

"धरलं," आबा म्हणाले. मला अजून पाइपात काही दिसलंही नव्हतं.

गार वर्ट बादलीत पडायला लागलं. भिजलेल्या पावासारखा वास सुटला.

"काय शिजवलंयस एवढं?"

"बार्ली. सातूसारखी असते."

"सातूचं पाणी? वीस लिटर? कशाला?"

पंप चालू होता. मी पुढचा व्हॉल्व उगाच थोडा आवळला, थोडा सैल केला.

"बिअर करतोय, आबा."

म्हैस ओरडायची थांबली होती, किंवा ते गोठ्यातून बाहेर आले असतील. मला पावलांचा आवाज आला. मग तोही नाही.

"एकटाच पितोस?"

"नाही. दोस्त येतात. थोडी थोडी वाटतो."

"रोज?"

"रोज नाही."

"हं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही. दोघंही पंप ऐकत होतो.

"बग," ते जरा वेळाने म्हणाले, "भांडं सरत आलं आसंल. कोरडा चालवू नको, वायसर जाईल."

मी वळून पाहिलं. भांड्याच्या तळाशी पाला उरला होता. मी बटण बंद केलं.