विद्यार्थी एक, वय सत्तेचाळीस

माझं माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं आणि संसार डोंबिवलीतला. लग्नानंतर अर्धवट राहिलेली पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून रडतखडत पूर्ण केली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईत इतिहासात एम. ए.ला प्रवेश घेतला. हातात ओळखपत्र आलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता तुला सगळीकडे स्टुडंट डिस्काउंट!"

पहिला धडा रेल्वेच्या खिडकीवर मिळाला. विद्यार्थ्यांच्या पासाची सवलत साधारणपणे वयाच्या पंचविशीपर्यंतच असते. आणखी बावीस वर्षं आधी यायला हवं होतं! हसून पुरा पास काढला.

दुसऱ्या धड्याला मात्र हसू आलं नाही. एका नाट्यगृहाच्या खिडकीवर मी कार्ड पुढे केलं. आतल्या गृहस्थांनी माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ज्याचं कार्ड आहे त्याला स्वतः यावं लागेल." मागे रांग होती. कार्डावरचा फोटो माझाच आहे, एवढंही मला सांगता आलं नाही. पूर्ण पैसे देऊन तिकीट घेतलं. नाटकभर लक्ष रंगमंचाकडे नव्हतंच. आपण काही तरी फुकट मागायला गेलो होतो, असं वाटत राहिलं.

खरं सांगायचं तर प्रश्न त्या शंभर-दोनशे रुपयांपुरता नव्हता. वीस वर्षं मुंबईजवळ राहूनही मी ही मुंबई पाहिली नव्हती. मुलीची फी, गावच्या घराचं छप्पर, सासूबाईंची औषधं, या यादीत माझ्या तिकिटाचा नंबर कधी लागलाच नाही. सवलतीमुळे तो लागू शकत होता, आणि मी तो लाजेपायी सोडून देत होते.

ही लाज गेली ती भायखळ्याला. राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वर्गाबरोबर गेले होते. 1872 साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मुंबईचं सर्वांत जुनं संग्रहालय. आधी त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणत, 1975 साली त्याला भाऊंचं नाव दिलं. आमच्या सरांनी सहज विचारलं, "भाऊ दाजी मूळचे कुठले, माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. उत्तर होतं मांद्रे. आपल्या पेडणे तालुक्यातलं मांद्रे! माझ्या माहेरापासून स्कूटरने अर्ध्या तासावर.

गरीब घरातला हा मुलगा लहानपणी मुंबईत आला, एल्फिन्स्टनमध्ये बक्षिसं मिळवत शिकला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 साली डॉक्टर झाला. पुढे धाकट्या भावाबरोबर त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. हे संग्रहालय उभारण्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांबरोबर लोकांकडून पैसे जमवण्यात तेही होते. म्हणजे ज्याला शिकायचं आहे त्याला दार उघडं असावं, म्हणून आपल्याच गावच्या माणसाने खटपट केली होती. मग त्या दारात मी कसली लाजत होते?

तेव्हापासून मी विचारते. तुम्हीही विचारा, म्हणून हे थोडं अनुभवाचं सांगते. सवलती दोन प्रकारच्या असतात. काही वयावर असतात, त्या आपल्याला लागू नाहीत. काही ओळखपत्रावर असतात, तिथे वय विचारायचं कारण नाही. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांना वेगळा दर आहे. कार्ड चालू वर्षाचं हवं, फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही. "सवलत आहे का?" असं न विचारता "विद्यार्थी एक," असं सरळ म्हणावं. समोरच्याने वर पाहिलं तर फोटो दाखवावा. आणि खिशात काहीच नसेल तरी जहांगीर कलादालन फुकट आहे, काळा घोडा महोत्सव फुकट आहे. डिसेंबरात पणजीत असाल तर सेरेंडिपिटी कला महोत्सवाला नाव नोंदवून जाता येतं.

गेल्या हिवाळ्यात वर्गातल्या तिघी मुलींना घेऊन गावी गेले. सगळ्या बावीस-तेवीसच्या, मला काकू म्हणणाऱ्या. ठाण्याहून रात्रीची गाडी, सकाळी पेडणे. भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती पाहून त्या तिथेच रमल्या. दुसऱ्या दिवशी डिचोलीकडे वळलो. हरवळ्याला खडकात कोरलेल्या गुंफा आणि शेजारचा धबधबा पाहिला, मग नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वर. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. परीक्षेला हा प्रश्न आम्ही पाठ करून लिहिला होता. तिथे सावलीत बसून एकजण म्हणाली, "काकू, हे पुस्तकात एवढंसं वाटलं होतं."

रात्री माहेरच्या जत्रेत दशावतार होता. मुली पर्स उघडून उभ्या. "काकू, तिकीट कुठे काढायचं? कार्ड चालेल ना?"

मी चटई पसरली. लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून हेच पाहिलं होतं. मध्येच आरतीचं ताट यायचं, जमेल त्याने नाणं टाकायचं, नसेल त्याने नुसते हात जोडायचे. उठून जा, असं कुणी कुणाला म्हणत नसे. शहराच्या खिडकीवर जी सवलत मागताना माझी जीभ अडखळली, तीच घेऊन तर मी वाढले होते. फक्त तिला गावात काही नाव नव्हतं.

ताट आमच्यापर्यंत आलं. मुलींनी माझ्याकडे पाहिलं, किती टाकायचे म्हणून. "तुम्हाला वाटेल ते," मी म्हटलं. त्या दिवशी नाट्यगृहात सवलतीचे जेवढे पैसे सोडून दिले होते, तेवढे मी ताटात टाकले. पहाटेपर्यंत तिघींपैकी एकही झोपली नाही.

तुमच्या घरातही कुणी आई, मावशी, आत्या उशिरा शिकत असेल. तिच्याबरोबर एकदा खिडकीपर्यंत जा. बोलू मात्र तिलाच द्या.