हेवा नेमका कशाचा?

वाचकहो, जवळच्या मित्राने नवी मोटार घेतल्याची किंवा मैत्रिणीने मोठे घर घेतल्याची बातमी कानावर येते, तेव्हा ‘अभिनंदन’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वीच्या एका क्षणाकडे आपण कधी लक्ष दिले आहे का? आनंद तर होतोच. पण त्या आनंदाच्या तळाशी एक बारीकशी कळही उठते. ती इतरांना दिसत नाही आणि आपणही ती चटकन झाकून टाकतो. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. ही कळ मोजण्याचे साधन नाही. म्हणूनच आरोग्याच्या चर्चेत तिला सहसा जागा मिळत नाही. परंतु झोप, भूक, घरातील बोलणे-चालणे आणि महिन्याचा जमाखर्च या सर्वांवर तिची सावली पडते. म्हणून आज तिच्याविषयी आपल्याशी मोकळेपणाने बोलावे असे वाटले.

या कळेचा एक विशेष आहे. देशातील अब्जाधीश उद्योगपतींच्या महालांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रात पाहतो आणि निर्विकारपणे पान उलटतो. मात्र ज्या मुलीबरोबर एका बाकावर बसून डबा खाल्ला, तिच्या घरातील संगमरवरी फरशी डोळ्यांत भरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. माणूस स्वतःला जोखताना फार दूरच्यांशी नव्हे, तर आपल्यासारख्यांशी ताडून पाहतो, असे त्याचे सार सांगता येईल. म्हणजे हेव्याचा धोका शत्रुत्वाला नसून मैत्रीला आहे. ज्यांच्यावाचून आपले चालत नाही, त्यांच्याच उंबऱ्यावर पाऊल जड होते.

आपल्या परंपरेने षड्रिपूंमध्ये मत्सराची गणना केली आहे. त्याच्याच कुळातील ‘असूया’ हा शब्द मला अधिक बोलका वाटतो. दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधण्याची वृत्ती, असा त्याचा अर्थ. या असूयेचे एक सभ्य, घरगुती रूप आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. ‘पैसा असला म्हणून काय झाले? त्यांच्या घरात समाधान नाही.’ ‘गादी मऊ आहे, पण झोप कुठे आहे?’ अशी वाक्ये आपण एकमेकांना औषधासारखी देतो. त्यांनी घटकाभर बरेही वाटते. परंतु दुसऱ्याच्या दुःखाच्या कल्पनेवर उभारलेले समाधान किती दिवस टिकणार?

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. पुण्यात बाणेर भागातील एका नव्या संकुलात ती राहते. पतीचा व्यवसाय भरभराटीला आलेला, मुले मार्गी लागलेली, वर्षातून एकदा परदेशात सहल. ‘पण ती मनातून दुःखी आहे’ असे लिहिले असते, तर हा लेख सोपा झाला असता. तसे नाही. ती आनंदी आहे. तिला शांत झोप लागते, तिचे पतीशी पटते आणि पाहुण्यांना ती स्वतःच्या हाताने आग्रहाने वाढते. तेव्हा ‘श्रीमंत सुखी नसतात’ हे सांत्वन माझ्या उपयोगी पडणारे नव्हते. पैशाने सुख मिळते का, या प्रश्नाकडे सरळच पाहावे लागले.

संशोधन काय सांगते ते पाहू. तमिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारक्षमता ऊसतोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, हाती पैसा आल्यावर, अशी दोनदा तपासण्यात आली. तोडणीनंतर त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारलेली आढळली. माणसे तीच, बुद्धी तीच. फक्त चिंतेने व्यापलेली मनाची जागा मोकळी झाली होती. औषधाचा खर्च, मुलांचे शुल्क, सावकाराचा तगादा यांतून सुटका करणारा पैसा सुख देतो, यात शंका घेण्याचे कारण नाही.

त्यापुढचे काय? डॅनियल काह्नमन आणि अँगस डीटन या दोघा नोबेल विजेत्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील पाहणीवरून असा निष्कर्ष काढला होता की, वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढले, तरी रोजच्या भावनिक सुखात भर पडत नाही. हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु २०२३ मध्ये काह्नमन यांनीच, वेगळे मत मांडणारे संशोधक मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्यासह, या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. तेव्हा असे आढळले की, बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहते. सर्वांत कमी सुखी असलेल्या सुमारे एकपंचमांश लोकांच्या बाबतीत मात्र ते एका मर्यादेनंतर थांबते. ज्यांच्या दुःखाचे मूळ वियोगात किंवा आजारात असेल, त्यांना अधिक पैसा फारसा उपयोगी पडत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मात्र सुखाची ही वाढ रुपयांच्या नव्हे, तर पटींच्या हिशेबाने होते. महिना २० हजारांचे ४० हजार झाल्याने सुखाची पातळी जितकी चढते, तितकीच चढण्यासाठी दोन लाखांचे चार लाख व्हावे लागतात. शिवाय माणसाला सवय नावाची देणगी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लॉटरीची मोठी बक्षिसे मिळालेल्या २२ जणांचा अभ्यास झाला. अभ्यास लहान होता, पण त्यात दिसले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. न्याहारी करणे, मित्राशी गप्पा मारणे, नियतकालिक वाचणे अशा रोजच्या गोष्टींतून या विजेत्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी झाला होता.

आणखी एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वर्डमधील लोकांना विचारण्यात आले : तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,००० असे जग हवे, की तुम्हाला एक लाख आणि इतरांना दोन लाख असे? वस्तूंच्या किमती दोन्ही जगांत सारख्याच. सुमारे निम्म्या लोकांनी कमी पैशाचे, पण इतरांपेक्षा वरचढ असलेले जग निवडले. हाच प्रश्न सुट्टीविषयी विचारला, तेव्हा मात्र बहुतेकांनी इतरांकडे न पाहता अधिक सुट्टी मागितली. म्हणजे काही सुखे तुलनेवर जगतात आणि काही स्वतःच्या बळावर. शांत झोप, मोकळी संध्याकाळ, न दुखणारे गुडघे यांचा आनंद शेजाऱ्याकडे किती आहे यावर फारसा अवलंबून नसतो.

या विचारातून मला एक साधी चाळणी सापडली. ती आपणही वापरून पाहावी. मैत्रिणीच्या ज्या ज्या गोष्टींचा हेवा वाटतो, त्या मी एका कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न मांडला : ‘ही वस्तू माझ्याकडे आहे हे कोणालाही कधीच कळणार नसेल, तरीही ती मला हवी आहे का?’

हिऱ्यांच्या कुड्या चाळणीत लगेच अडकल्या; कोणी पाहणारच नसेल, तर कानातल्या मोत्यांनी माझे उत्तम चालते. स्वित्झर्लंडची सहल अर्धीमुर्धी खाली उतरली. डोंगर हवे होते, पण त्यांची छायाचित्रे दाखवण्याची हौस वजा केली, तर महाबळेश्वरही पुरेसे होते. प्रशस्त स्वयंपाकघर हवेसे वाटले, पण अडलेले काही नव्हते. एक गोष्ट मात्र चाळणीतून सरळ खाली आली. ती म्हणजे मैत्रिणीच्या इमारतीतील लिफ्ट.

कोथरूडमधील आमची सोसायटी जुनी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, जिन्याच्या पायऱ्या ४८ आणि लिफ्ट नाही. माझे सासरे अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे सात महिने ते जिना उतरले नव्हते. खिडकीतून दिसणारा रस्त्याचा तुकडा एवढेच त्यांचे जग उरले होते. भूक मंदावली होती, बोलणे कमी झाले होते. ज्या कळेला मी हेवा म्हणत होते, तिच्या आत अण्णांविषयीची काळजी दडलेली होती.

एके दिवशी मी मैत्रिणीला म्हटले, “तुझ्या घरातल्या कशाचाही नाही, पण त्या लिफ्टचा मला फार हेवा वाटतो बघ.” ती हसली नाही. म्हणाली, “अगं, मग काकांना आठवडाभर माझ्याकडे घेऊन ये ना. खाली बाग आहे, बाकं आहेत. बसू देत त्यांना.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “आणि एक सांगू? मी हल्ली सहलींचं वगैरे तुमच्यापुढे बोलायचंच सोडलंय. वाटतं, तुम्हाला मिरवल्यासारखं वाटेल.”

वाचकहो, झाकलेला हेवा दोन्ही घरांना मुके करतो, हे मला त्या वाक्याने शिकवले. ज्याच्याकडे कमी आहे तो विचारत नाही आणि ज्याच्याकडे अधिक आहे तो सांगत नाही. तिच्या सुखात उणीव नव्हती, पण ते सांगायला जागा नव्हती.

अण्णांना खुर्चीत बसवून दोघांनी धरून खाली उतरवले आणि तिच्याकडे नेले. तिसऱ्या दिवशी बागेत त्यांची एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याशी ओळख झाली. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून दुसरी पोळी मागितली. त्या पोळीने आमचा निर्णय पक्का केला. तिसऱ्या मजल्यावरचे घर भाड्याने देऊन त्याच भागात तळमजल्यावर भाड्याने घर घ्यायचे. दोन भाड्यांमधला फरक महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० होता. नव्या स्वयंपाकघरासाठी तीन लाख रुपये बाजूला ठेवले होते. त्यातून पाच वर्षांची सोय झाली. पैशाने सुख विकत घेता येते. फक्त कोणते घ्यायचे ते आधी ठाऊक हवे.

चाळणीत अडकून राहिलेल्या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. तेथे दोन पथ्ये उपयोगी पडतात. पहिले पथ्य हप्त्यांचे. दुसऱ्याच्या घरातून परतल्यावर निदान एक महिना मोठ्या खरेदीचा निर्णय घेऊ नये आणि कर्ज तर मुळीच काढू नये. तुलनेची कळ ओसरते, पण कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे राहतात. दुसरे पथ्य मुलांसमोरच्या बोलण्याचे. ‘त्यांचे काय, ते पैसेवाले’ हे वाक्य मुले ऐकतात आणि मित्रांची प्रतवारी करायला शिकतात. ‘त्यांच्याकडे छान आहे, आपल्याला सध्या याची गरज नाही’ असे सांगितले, तर त्यांना सत्यही कळते आणि मनात कडवटपणाही राहत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत, समाधिपादातील ३३व्या सूत्रात, चित्त प्रसन्न ठेवण्याचे उपाय सांगितले आहेत. दुःखी माणसाविषयी करुणा बाळगावी, हे आपल्याला ठाऊक असते. पण सुखी माणसाविषयी काय बाळगावे? सूत्रकारांचे उत्तर आहे, मैत्री. हे केवळ नीतीचे वचन नसून मनःशांतीची साधना आहे. तिला रोजच्या व्यवहारात उतरवणे अवघड नाही. मित्राच्या घरी काही चांगले घडल्याचे कळताच, मनातील कळ शमण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी दूरध्वनी करावा. केवळ ‘अभिनंदन’ म्हणून थांबू नये. एखादा खराखुरा प्रश्न विचारावा. घर घेतले असेल तर सकाळचे ऊन कोठून येते, सहल झाली असेल तर सर्वांत आवडले काय. ऐकता ऐकता आपण त्या सुखाचे स्पर्धक न राहता श्रोते होतो आणि श्रोत्याच्या वाट्यालाही थोडे सुख येतेच.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला हेवा समजून स्वतःला दोष देऊ नये. ती नैराश्याची लक्षणे असू शकतात. आपल्या डॉक्टरांशी बोलावे. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी उपलब्ध आहे.

एरवी, पुढच्या वेळी ती बारीक कळ उठेल, तेव्हा तिला लगेच झाकू नका आणि तिच्यावर रागावूही नका. एक कागद घ्या आणि तिला विचारा, ‘नेमके काय हवे आहे?’ बहुतेक वेळा उत्तर दाखवण्यासारखे नसेल आणि यादीतील ओळी एकेक खोडल्या जातील. एखादी ओळ मात्र खोडली जाणार नाही. ती ओळ जपून ठेवा. पुढच्या महिन्याच्या जमाखर्चात पहिली जागा तिला द्या.