माझ्या वाट्याचे वाद्य

हजेरीपटाच्या शेवटच्या पानांत वहीचा एक घडी केलेला कागद मला सापडला, तो एका रविवारी दुपारी. सत्र संपले होते. शेवटची गाडी चुकू नये म्हणून लांबच्या गावांचे विद्यार्थी घाईने निघून गेले होते आणि मी खोलीला कुलूप लावण्यापूर्वी कागदपत्रे आवरीत होतो. कागदावर आम्हा चार संमंत्रकांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढे एका वाद्याचे नाव होते. पहिल्यापुढे तंबोरा, दुसऱ्यापुढे पेटी, तिसऱ्यापुढे मृदंग. चौथे नाव माझे होते. त्यापुढे लिहिले होते : हलगी.

कागद कशासाठी तयार झाला असावा, हे समजण्यास फार विचार करावा लागला नाही. आमचे अभ्यासकेंद्र धाराशिव जिल्ह्यातले. जिल्ह्याचे सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होते. जुनी माणसे मात्र बोलताना धाराशिवच म्हणत. बी. ए. मराठीच्या वर्गाला भूमकडून खव्याचा धंदा करणारे एक गृहस्थ येत, उमरग्याकडून भरतीची तयारी करणारा एक तरुण येई, कळंबच्या दोघी जावा येत आणि एस. टी. महामंडळाचे एक वाहक रविवारची साप्ताहिक सुटी मागून घेऊन येत. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थी आपल्या शिक्षकाला रोज ऐकतो. कोण रागावतो, कोण समजावतो, कोणाच्या रागात माया असते, हे त्याला महिनाभरात कळते. आपणासारख्या दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला वर्षातील मोजके रविवार मिळतात. पाठ्यपुस्तिका घरी वाचता येते, पण आपण लिहिलेले पान कोणाला तरी दाखवावेच लागते.

त्यासाठी केंद्राने एक सोय केली होती. लेखनाच्या सरावाकरिता विद्यार्थ्याने चौघांपैकी कोणाही एकाकडे आपले पान द्यावे, त्याने ते वाचून, शेरे लिहून परत करावे. निवड सोपी जावी म्हणून मीच फलकावर आमची नावे, पदव्या आणि विशेष अभ्यासाचे विषय सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. आज त्या फलकाचे मला हसू येते. ज्याने चाळिसाव्या वर्षी प्रथमच दोन पाने स्वतःच्या मनाने लिहिली आहेत, त्याला ती कोणाच्या हाती द्यावीत हे ‘पीएच. डी., भाषाविज्ञान’ एवढ्यावरून कसे उमगावे? फलकाने जे सांगितले नाही ते या कागदाने सांगितले होते.

अक्षर ओळखीचे होते. तुळजापूर तालुक्यातील एका गावच्या अंगणवाडी सेविकेचे. त्यांचे वडील गोंधळात संबळ वाजवीत आणि त्या स्वतः गावच्या महिला भजनी मंडळात पुढे बसून म्हणत. माणसांची पारख वाद्यांवरून करणे त्यांना सहज सुचले असणार. प्रत्येक वाद्याखाली त्यांनी दोन-तीन वाक्ये लिहिली होती.

तंबोऱ्याखाली होते : ‘फार बोलत नाहीत. आपला सूर धरून ठेवतात. ज्याला सूर सापडला आहे त्याने जावे.’ हे आमचे निवृत्त प्राध्यापक. ते पान परत देत तेव्हा त्यावर क्वचित एखादी रेघ असे, आणि ती अशा वाक्याखाली असे की लिहिणाऱ्याला कळावे, आपले खरे वाक्य हेच. मात्र अजून चाचपडणारा विद्यार्थी त्यांच्या मौनापुढे गोंधळून जाई. तंबोरा गाणे शिकवीत नाही. तो गाणाऱ्याला घसरू देत नाही, इतकेच.

पेटीखाली : ‘पट्टी दाबली की स्वर नक्की. चूक राहत नाही. मधला स्वर मिळत नाही. परीक्षेच्या आधी जावे.’ हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो, कारण इतके नेमके वर्णन आम्हा सहकाऱ्यांनाही कधी जमले नव्हते. पेटीवर दोन पट्ट्यांच्या मधले काही वाजत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही. याच उणिवेचा बोभाटा होऊन आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला कार्यक्रमांतून बाहेर काढले होते आणि ती बंदी पुढे अनेक वर्षे टिकली. आमच्या या सरांना ‘उलीसं’ हा शब्द दिसला की ते त्यावर काट मारून ‘थोडेसे’ लिहीत. अर्थ तोच राहतो, हे त्यांचे म्हणणे खरेच. पण ‘उलीसं’ म्हणताना आमच्या भागातली बाई ताटात जे वाढते, ते ‘थोडेसे’ म्हणताना वाढत नाही; ते दोन पट्ट्यांच्या मध्ये राहून जाते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अनुत्तीर्ण होता होता वाचलेले जितके विद्यार्थी त्यांचे ऋणी आहेत तितके आम्हा तिघांचे मिळून नसतील. आणि पेटीवाचून गावाकडचे भजन उभे राहत नाही, ते निराळेच.

मृदंगाखाली एकच वाक्य होते : ‘गाणाऱ्याप्रमाणे कणीक लावून घेतात.’ ज्यांनी भजनाची तयारी जवळून पाहिली आहे त्यांना हे कळेल. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा थर लावतात. खर्ज हवा तसा मिळेपर्यंत वादक त्यात चिमूटभर भर घालतो, चिमूटभर काढतो आणि पुन्हा थाप देऊन ऐकतो. कार्यक्रम झाला की ती खरवडून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी कणीक, नवे जुळवणे. आमच्या सहकारी बाई पान हाती घेण्याआधी विद्यार्थ्याला विचारीत, कोणत्या गाडीने आलात, घरी कोण कोण आहे, लिहायला कधी बसता. आम्हा इतरांना तो वेळेचा अपव्यय वाटे. ती त्यांची कणीक होती, हे मला या कागदामुळे कळले.

आणि हलगी : ‘लांबून ऐकू येते. झोपलेला जागा होतो. कडेवर लेकरू असलेल्याने जवळ उभे राहू नये.’

मी कागद खिशात घातला. घरी जाईपर्यंत मी रागावलेला होतो आणि रात्री माझा मलाच राग आला. माझ्या रागात दोन गोष्टी होत्या. एक अशी की मला हलकी उपमा मिळाली, असे माझ्या मनाने घेतले. सतार म्हटले असते तर मी दुखावलो असतो का? हलगीवाचून आमच्याकडे मिरवणूक निघत नाही, जत्रेचा फड जमत नाही. तरी ती वाजवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले. वर्गात दलित साहित्य शिकवताना हे मी आवेशाने सांगत असे. त्या वाद्याचे नाव माझ्या नावापुढे येताच माझ्यातला जो कोणी दुखावला, त्याची ओळख मला त्या रात्री झाली आणि ती सुखाची नव्हती.

दुसरी गोष्ट अशी की वर्णन खरे होते. कडेवर लेकरू असलेला माणूस कोण, तेही मला ठाऊक होते.

एस. टी.च्या त्या वाहकाने मला एक निबंध दिला होता. लोहारा तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाची गाडी घेऊन गेल्यावर रात्र कशी जाते, हा विषय. सहा पाने. पहिली तीन पाने सेवेची धन्यता, प्रवासी हेच दैवत वगैरे. चौथ्या पानावर गाडीचे दिवे बंद होतात, चालक पुढच्या बाकावर आडवा होतो आणि शेजारच्या घरातली एक म्हातारी काही न बोलता खिडकीतून भाकरी आत देते. तिथून पुढचे लेखन अस्सल होते. मी पहिल्या तीन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली, समासात ‘पाल्हाळ’ असे लिहिले आणि चौथ्या पानावर ‘येथून सुरुवात करा’ असा शेरा दिला. माझा शेरा बरोबर होता. आजही मी तोच देईन. पण पान परत घेताना तो गृहस्थ त्या तीन फुल्यांकडे पाहत राहिला. चौथे पान त्याने उलटलेच नाही. पुढचे दोन रविवार तो आला नव्हता.

अशा वेळी पुस्तकांचा आधार शोधण्याची आम्हा शिक्षकांना खोड असते. मी शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ काढला. हा ग्रंथ आपल्याच मराठवाड्यातला. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या पदरी असताना शार्ङ्गदेवाने तो संस्कृतात रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि त्याचा हुद्दा राज्याच्या हिशेबखात्याच्या प्रमुखाचा. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने संगीतावर सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी त्याला आपला पूर्वसुरी मानण्यास हरकत नाही. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात गायकांचे पाच प्रकार येतात : न्यून न ठेवता शिकवू शकणारा तो शिक्षाकार, दुसऱ्याची ढब उचलणारा अनुकार, स्वतःच रसात बुडणारा रसिक, श्रोत्यांना रिझवणारा रंजक आणि गीताला आहे त्याहून अधिक काही देणारा भावक. मी प्रामाणिकपणे स्वतःला शोधू लागलो. शिक्षाकार म्हणावे तर तो वाहक चौथ्या पानापर्यंत पोहोचला नव्हता. शार्ङ्गदेव पुढे गायकाचे पंचवीस दोषही मोजतो. दात आवळून गाणारा संदष्ट, कावळ्यासारख्या स्वराचा काकी, आणि त्यांतच एक ‘भीत’, म्हणजे भिऊन गाणारा. दोष गाणाऱ्याच्या नावावर मांडला आहे. तो भ्यायला कोणामुळे, याचा रकाना या हिशेबनिसाने ठेवलेला नाही.

पुढच्या सत्राला मी त्या सेविकाबाईंना कागद परत केला. त्या ओशाळल्या नाहीत, थोड्या गंभीर झाल्या.

“ताई, हलगी का?” मी विचारले.

“सर, हलगी वाईट असती असं मी कुठं लिहिलंय?” त्या म्हणाल्या. “माझा बाप संबळ वाजवायचा, पर हलगीवाला आला की जागा द्यायचा.”

मग त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथात मी वाचले नव्हते. हलगी वाजवण्यापूर्वी शेकावी लागते. थंड असताना कातडे सैल असते, आवाज बद्द येतो. गवत-काटक्या पेटवून तिला धगीवर धरायचे, बोटाने टिचकी मारून पाहायचे, पुन्हा धरायचे. कमी शेकली तर बोलत नाही, जास्त शेकली तर फाटते. “तुमी घरूनच तापून येता, सर,” त्या म्हणाल्या. “समोर कोन हाय ते बघून उलीसं शेकायचं असतं.”

कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःपुरता एक क्रम लिहून ठेवला होता. तो मी पाहिलाच नव्हता. ‘मी : पहिल्यांदा मृदंग. दुसऱ्यांदा हलगी. शेवटी पेटी.’ तंबोऱ्यापुढे लिहिले होते, ‘पुढच्या वर्षी.’ म्हणजे ज्या निवडीला मी एकदाच करायची गोष्ट समजत होतो ती त्यांनी लेखनाच्या पायऱ्यांवर वाटून टाकली होती. कच्चे पान बाईंकडे, नीट झालेले माझ्याकडे, देण्याजोगे झाले की व्याकरणासाठी सरांकडे.

कागदाची बातमी वर्गात पसरली आणि लगेच मतभेद निघाले. उमरग्याच्या तरुणाला पेटीखेरीज काहीच नको होते. भरतीच्या पेपरात मींड विचारीत नाहीत, असे तो म्हणाला. ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरुसात दरवर्षी कव्वाली ऐकणारा धाराशिवचा एक विद्यार्थी म्हणाला की प्राध्यापक तंबोरा नाहीतच, ते कव्वालीतली टाळी आहेत. जिथे पडते तिथेच पडते. खव्याच्या धंद्यातल्या गृहस्थांना तर मृदंगाच्या बाईच कडक वाटत, कारण त्या गोड बोलून एकच पान तीनदा लिहून घेत. मला हा गोंधळ आवडला. एकच माणूस निरनिराळ्या कानांना निराळा वाजतो, हे त्या कागदात नव्हते.

फलकावर वाद्यांची नावे लिहावीत अशी सूचना आली. पेटीवाल्या सरांनी ठाम नकार दिला आणि त्यांचे मला पटले. विद्यार्थ्यांचा आपापसातला शब्द शिक्षकांनी पळवू नये. त्याऐवजी आम्ही चौघांनी आपापल्या नावाखाली, आपण पान कसे वाचतो, ते दोन ओळींत लिहिले. माझ्या दोन ओळी लिहिण्यास मला आठवडा लागला.

वाहक माझ्याकडे परत आला नाही. तो बाईंकडे जाऊ लागला होता, हे मला नंतर समजले. वर्षअखेरच्या सत्रात काही विद्यार्थ्यांनी आपले लेखन वाचून दाखवले, तेव्हा तोही उठला. हातात नव्याने उतरवलेली पाने होती. त्याने एकदा बाईंकडे पाहिले आणि वाचायला सुरुवात केली. गाडीचे दिवे बंद झाले, चालक पुढच्या बाकावर आडवा झाला, आणि खिडकीतून भाकरी आत आली.