निजलेले कंद

मी मराठीचा प्राध्यापक आहे. म्हणजे मला झाडांची नावे येतात. झाडे येत नाहीत. कवितेतली केतकी मी वर्गात तासभर फुलवू शकतो. पण कुंडीतली तुळस माझ्या हाताखाली आठवडाभरही तग धरीत नाही.

आमचे बिऱ्हाड पुण्यात, तळमजल्यावर. मागे इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चार हात रुंदीची पट्टी आहे. तिथे ऊन फिरकत नाही. गुलाब, मोगरा, शेवंती तिघांनीही तिथे माना टाकल्या, तेव्हा मी ती जागा सायकलीला दिली.

गेल्या वर्षी वडील गेले आणि वैशाखात आई कोकणातले घर बंद करून आमच्याकडे आली. तिच्या सामानात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले कंद होते. अळूचे, हळदीचे आणि रंगीत अळूचे. सायकल हलली. अळू मोरीच्या पाण्याशी गेले, हळद भिंतीकडे, रंगीत अळू चार कुंड्यांत. "ऊन नाही इथे," मी म्हणालो. "एवढ्या मोठ्या पानांना सावलीच बरी. उन्हात कडा करपतात," ती म्हणाली आणि गप्प झाली.

श्रावणापर्यंत ती पट्टी ओळखू येईना. नागपंचमीला हळदीच्या पानांतले पातोळे झाले, ऋषिपंचमीला घरचे अळू. रंगीत अळूची गुलाबी शिरांची पाने पाहायला शेजारी येऊ लागले. आई मात्र मागच्या दाराच्या पायरीवर मुकाट बसून असे. विचारले तर दोन शब्द, नाही तर तेही नाहीत.

दिवाळी झाली. रात्रीचा पारा दहा अंशांकडे उतरू लागला आणि रंगीत अळू पिवळे पडले. मी उपचार आरंभले. रोज सकाळी झारीभर पाणी, रविवारी खत. आईवरही उपचार चालूच होते. भजनी मंडळ, डॉक्टर, नाटकाची तिकिटे. ती कशालाच नाही म्हणत नसे आणि कशानेच खुलत नसे. "जरा दमाने घ्या," असे सौ. म्हणाली; पण प्राध्यापकाला दम कुठला!

संक्रांतीला चारही कुंड्या बोडक्या झाल्या. एक उकरली, तर कंद बोटांत पिचला आणि घाण वास आला. दुसरीतही तेच. ती माती ओंजळीत घेऊन मी गुन्हेगारासारखा आईपुढे उभा राहिलो.

तिने माझ्याकडे पाहिले. "अरे, निजलेल्याला उठवून पाणी पाजतात का रे?"

कित्येक महिन्यांतले तिचे ते पहिले लांब वाक्य. मग म्हणाली, "पानं गळली म्हणजे झाड मेलं नव्हे. सगळा जीव कंदात उतरतो. नुसत्या गारठ्यानं तो सहसा जात नाही. गारठ्यात माती ओली राहिली की कुजतो. हळदीचंही तसंच. मोरीजवळचं अळू बघ, ते पाण्यावर जागंच राहतं, पानं तेवढी लहान येतात. एकेकाची रीत." थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "मलाही जरा राहू दे."

उरलेल्या दोन कुंड्या मी जिन्याखाली, गार वारा लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवल्या. नाटकाची तिकिटे शेजाऱ्यांना दिली. चार महिने मी काहीही केले नाही. उभ्या आयुष्यात मला इतके अवघड काम पडले नव्हते.

यंदा वैशाख सरता सरता एका कुंडीतून गुंडाळलेल्या चिठ्ठीसारखी गुलाबी सुरळी वर आली. चारच दिवसांत दुसरीतूनही. त्या संध्याकाळी आई पायरीवर बसून बोलू लागली ती दिवेलागण उलटली तरी बोलतच होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी वडिलांनी हे रंगीत अळू बाजारातून आणले होते. "खाता येत नाही ते अळू घरात कशाला?" म्हणून आजोबा रागावले, वडील म्हणाले, "हिला आवडलं."

मी त्यातल्या दोन कुंड्या कुजवल्या होत्या, आणि तिने मला हे तेव्हा सांगितले नव्हते.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. हे लिहिताना समोर रंगीत अळूचे पहिले पान पिवळे पडते आहे. झारी मी माळ्यावर ठेवून दिली आहे.