थंडीचं येणं

होळी जळाली, थंडी पळाली. ठीक आहे, पळाली. पण आली कधी होती?

हे कुठलीच म्हण सांगत नाही. निदान माझ्या कानावर तरी आलेली नाही. पावसाचं बघा. त्याच्या प्रत्येक नक्षत्रावर लोकांनी पाळत ठेवलेली आहे. यंदा वाहन म्हैस की बेडूक, इथपासून चौकशी सुरू होते. चित्रा पडल्या तर भात कुत्रंसुद्धा खात नाही आणि पुढच्या पंधरवड्यात स्वाती पडल्या तर मोती पिकतात, इतका बारीक हिशेब. थंडीच्या वाट्याला मात्र नुसता निरोप. तोही एकदा देऊन आपलं समाधान होत नाही. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, म्हणजे तिनं आता आवरतं घ्यावं. महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. आणि पंधरा-सोळा दिवसांनी होळीत जळते, पळते. शिवरात्रीला गेलेली बाई होळीत जळायला आली कुठून?

म्हणीला इतकं धारेवर धरू नये, हे कळतं. तरी सोडवत नाही. 2024 साली होळी 24 मार्चला होती. कोल्हापुरात तेव्हा लोक रसवंतीगृहात बसलेले असतात, पळायला थंडी उरतेच कुठं? 2026 ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच आली. तेव्हा पहाटे अंगावर चादर लागते, म्हणजे म्हण थोडीफार खरी. मधला हा तीन आठवड्यांचा फरक पंचांग पाडतं. अधिक मास येतो, होळी पुढं सरकते, आणि थंडीनं तोवर थांबावं अशी आपली अपेक्षा.

तिळाचीही तीच तऱ्हा. दिवस वाढायला लागतो तो 22 डिसेंबरच्या आसपास, संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. पण वाढ संध्याकाळच्या बाजूनं होते. आपल्याकडं सूर्य सर्वांत लवकर मावळतो नोव्हेंबरच्या शेवटी आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तिळगूळ वाटून झाल्यावर. त्यामुळं संक्रांतीनंतरही काही दिवस पहाट लांबतच असते. ज्याला सहाला उठून कामाला लागायचं आहे, त्याच्या दिवसात त्या आठवड्यात एकही तीळ पडत नाही. सगळे तीळ संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला.

मी त्या संध्याकाळच्या पंगतीतला. आणि मला बर्फ आवडतो. कोल्हापुरात राहून बर्फ आवडणं हे तसं बिनखर्चाचं वेड आहे. सकाळी पेपरात आधी किमान तापमानाची चौकट बघायची. पारा चौदावर आला की उगाच आनंद, पुन्हा अठरावर गेला की कुणीतरी फसवल्यासारखी चिडचिड. बर्फ पाहिलाय तो हिमाचलच्या सहलीत, भाड्याचे गमबूट आणि आधीच्या माणसाच्या घामाचा वास येणारा कोट घालून. तुडवलेला, चिखलाळलेला, मक्याची कणसं विकणाऱ्यांच्या गराड्यातला. आवडला नाही असं नाही. पण मला आवडतो तो हा नव्हे, एवढं तिथंच कळलं. मग कोणता, ते अजून सांगता येत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे शिरोळकडचे. त्या तालुक्यात सैनिक टाकळी म्हणून गाव आहे, गावाच्या नावातच फौज. सुभेदारांनी सियाचीन काढलेलं. त्यांना एकदा मी बर्फाबद्दल विचारलं, ते ज्या उत्साहानं विचारलं त्याची आता थोडी लाज वाटते. ते म्हणाले, “बघण्यासारखं काय न्हाई हो त्यात. सगळे एका दोराला बांधून चालायचं, नजर पायाकडं. पाणी प्यायचं तर बर्फच वितळवायचा, त्याला रॉकेल जाळायचं. तुम्ही लांबनं बघताय, म्हणून पांढरं दिसतंय.” मग चहा आला आणि विषय दुधाच्या दरावर गेला. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांच्यात एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला होता. माण, म्हणजे जिथं पाण्याच्या टँकरची वाट बघत माणसं मोठी होतात. हे आठवलं की पेपरातल्या त्या चौकटीकडं बघण्याची माझी हौस दोन दिवस बसते. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघतो.

तर थंडी येते कधी? म्हणीत सापडत नाही म्हणून मी मध्यंतरी देवळात शोधली. अंबाबाईचा किरणोत्सव कोल्हापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, मग वर सरकत छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. तसंच पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. या तारखा जुन्या माहितीच्या, पण कॅलेंडर समोर ठेवून मोजल्यावर गंमत लक्षात आली. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबर 41 दिवसांवर, आणि तिथून 1 फेब्रुवारी 42 दिवसांवर. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा त्या दारासमोर येतो आणि परतताना पुन्हा एकदा. मधला सगळा काळ तो दाराच्या डाव्या अंगाला, दक्षिणेला मावळत असतो. म्हणजे ज्यानं हे देऊळ बांधलं, त्यानं कोल्हापूरच्या हिवाळ्याला दोन बाजूंनी दगडी कंस घातले. येण्याची तारीख मिळाली, जाण्याचीही मिळाली. होळीची गरजच उरली नाही.

या शोधावर मी बरेच दिवस खूश होतो. ओळखीच्यांना अडवून सांगितलं. पण दगड सूर्याची तारीख सांगतो, हवेची नाही. किरणं कधी कधी पोचतच नाहीत. मावळतीला ढग येतात, हवेत बाष्प असतं, धूळ असते. लोक गरुड मंडपात ताटकळत उभे, आणि किरण कमरेपाशीच क्षीण होऊन विरतं. 2019 चं घ्या. ऑगस्टात पंचगंगेनं शहराचा बराच भाग पाण्यात घातला होता, पाऊस संपला म्हणावं तर ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’, पाठोपाठ नोव्हेंबरात ‘महा’. कापलेलं भात शेतातच भिजून उगवलं. 2017 ला तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’. समुद्रात चक्रीवादळ फिरत असलं की इथं आभाळ भरून येतं आणि रात्री पांघरूण घातल्यासारखी जमिनीची ऊब अडकून राहते. थंडी पडायची तर आभाळ निरभ्र हवं, वारा पडलेला हवा, नाहीतर काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पश्चिमी झंझावात पुढं सरकल्यावर उत्तरेचे कोरडे वारे इथवर पोचायला हवेत. म्हणजे कोल्हापूरचा गारठा ही कधी कधी कुठंतरी पडलेल्या बर्फाचीच शिळी बातमी असते. बर्फवेड्याला एवढंही पुरतं.

थंडी गाठायला मी पूर्वी पन्हाळ्यावर जायचो. शहरापेक्षा चारशेएक मीटर उंच, म्हणजे दोन-अडीच अंशांनी गार, असा शाळकरी हिशेब. दुपारी तो बरोबर असतो. डिसेंबरातल्या शांत पहाटे मात्र उलटा होतो. रात्रभर जमीन निवत जाते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारानं खाली घरंगळत खोलगट भागात जाऊन बसते. जोतिबाच्या डोंगरावरून पहाटे बघावं, तर वर ठीकठाक स्वेटरची हवा आणि खाली नदीकाठ धुक्यात बुडालेला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण झाल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात, आणि वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरं. तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच पेटीत असतो. हिमकण पडतो तो खोलगट जागेत, गवताच्या पात्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानावर, जीपच्या टपावर.

म्हणजे पेपरातला तो आकडा चार फुटांवरच्या थंडीचा. जमिनीवर झोपणाऱ्याच्या थंडीचा आकडा कुणी छापत नाही.

आणि जमिनीवर झोपणारे त्याच दिवसांत येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून, जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कारखान्याच्या आजूबाजूला, नदीकाठच्या माळावर पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. एका खोपीच्या तोंडाशी पाहिलेलं सांगतो. रात्रीच्या दवानं वरचं पाचट चिंब, आत एका पोत्यावर दोन पोरं एका वाकळेत, आणि त्यांची आई कोयत्याला धार लावत बसलेली, बोटांना फडकं गुंडाळून. गार पातं उघड्या हातानं धरवत नाही म्हणून. मी गेलो होतो धुकं बघायला.

त्याच गारठ्यावर आमचा ऊस पिकतो. रात्री गार पडल्या की उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यात साठते. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात वरचा असतो, आणि उसाचा दर उताऱ्यावर ठरतो. गारठ्याचे असे पैसे होतात. ज्याच्या पाठीला तो लागतो त्याच्या हिशेबात ते येत नाहीत.

मग वाटलं, उत्तर मिळालं. पाऊस हवासा, म्हणून त्याच्या येण्याच्या म्हणी. थंडी सोसणाऱ्यांनी तिच्या जाण्याच्या केल्या. वाकळेत रात्र काढलेल्या माणसाला ती आली कधी हे कशाला कुणी सांगायला हवं? ‘जळाली, पळाली’ यातला आनंद त्याचा आहे, होळीची तारीख पुढंमागं झाली तरी. पण हेही पुरतं टिकत नाही. हरभरा आणि शाळू थंडीवर आणि दवावरच येतात, उसाच्या कितीतरी आधीपासून. ते पेरणाराही वाकळेतच झोपत होता, आणि त्याला थंडी हवी होती. तरी त्यानं तिला येण्याची म्हण दिली नाही. का, ते मला सांगता येत नाही. हवीशी आणि नकोशी एकाच अंगाला एकाच रात्री वाटत असेल, तर बहुधा माणूस म्हण करत नाही, गप्प बसतो. किंवा म्हण असेलही आणि माझ्यासारख्या, पक्क्या घरात झोपणाऱ्यापर्यंत ती पोचली नसेल.

तुम्हाला थंडी बघायची असेल तर पन्हाळ्यावर जाऊ नका. जानेवारीत शिरोळ-करवीरच्या नदीकाठी उसाच्या फडावर जा, आणि पहाटेच जा. सातनंतर जाऊन उपयोग नाही, तोवर पहिल्या मोळ्या बांधून गाडीत पडलेल्या असतात.