नाव ठेवा, नावं ठेवू नका

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फरक एका अनुस्वाराचा. पहिलं काम बाराव्या दिवशी एकदाच उरकतं, दुसरं जन्मभर चालतं. आमची भाची सांगते, संगणकाच्या प्रोग्रॅमचंही बारसं असतं.

हे बारसं करतो 'सीमेक'. अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीने २००० साली पुढे आणलेला हा एक मुकादम. प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे कुठल्या क्रमाने जुळवायचे, याची तजवीज तो करतो. त्याच्या फायलीत आधी लिहायचं, मुकादम किमान कुठल्या आवृत्तीचा हवा. मग 'प्रोजेक्ट' हा हुकूम, आणि कंसात नाव. हवं तर पुढे आवृत्तीचा आकडा, वर्णन आणि भाषा. भाषा नाही सांगितली तर स्वारी 'सी' आणि 'सी प्लस प्लस' गृहीत धरते, आणि त्यांचे कंपायलर मशीनवर आहेत का, ते धुंडाळायला लागते. अगदी आमच्या बँकेसारखं! खात्याला नाव दिलं रे दिलं, की कागदपत्रांची झडती सुरू.

एका प्रोजेक्टच्या पोटात दुसरा प्रोजेक्टही नांदतो. तिथे नुसतं 'प्रोजेक्ट नेम' विचारलं तर आतल्या बिऱ्हाडाचं नाव मिळतं. 'सीमेक प्रोजेक्ट नेम' विचारलं तर वाड्याच्या दरवाज्यावरच्या पाटीचं. भाडेकरू आणि मालक, दोघांचाही मान राहतो.

"आणि नाव दिलंच नाही तर?" मी भाचीला विचारलं.

"मामा, आधी कुरकुर करतो. मग स्वतःच ठेवतो. 'प्रोजेक्ट'!"

मला आमचे बाळकाका आठवले. नावावर घरात एकमत होईना, म्हणून तात्पुरतं 'बाळ' म्हणू लागले. ते तात्पुरतं एकोणऐंशी वर्षं टिकलं. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी काहीतरी लिहिलं होतं म्हणे. काका गेले त्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याने पेन उचलून विचारलं, "पूर्ण नाव?" आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ज्यांनी आम्हा सगळ्यांना खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्यांचं नाव आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं.

तेव्हा प्रोजेक्टवाल्यांनो, नाव साधं ठेवा, पण वेळेवर ठेवा. लोक काय, नावं ठेवायची ती ठेवणारच आहेत.