आवाज केव्हा थांबतो?

हाताने गिअर बदलावे लागणाऱ्या मोटारीतून अनोळखी आवाज येऊ लागला, की मालक गॅरेजमध्ये बहुधा त्या आवाजाची नक्कल करून दाखवतो. घरघर, खरखर, कटकट, किरकिर असे शब्द मराठीत विपुल असल्याने ते वर्णन चपखलही वाटते. परंतु निदानाच्या कामी हे शब्द फार पुढे नेत नाहीत, कारण बोनेटखाली उठलेला आवाज पत्र्यातून फिरत भलत्याच ठिकाणी ऐकू येतो आणि निरनिराळ्या बिघाडांचे आवाज कानाला सारखेच लागतात. आवाज कसा आहे यापेक्षा तो काय केल्याने थांबतो, हा प्रश्न अधिक कामाचा असतो. पेण-रोहा पट्ट्यात सपाट महामार्ग, खिंडीचा चढउतार आणि मुसळधार पाऊस हे तिन्ही जवळजवळ असल्यामुळे या प्रश्नाची तड येथे चांगली लागते.

पहिली परीक्षा गाडी उभी असतानाच होते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला आणि क्लचवरून पाय काढलेला असताना इंजिनाचे फिरणे क्लचप्लेटमधून गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्याला, म्हणजे इनपुट शाफ्टला, मिळत राहते. अशा वेळी येणारी घरघर क्लच पूर्ण दाबताच विरली, तर संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पॅडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर रेटले जाणारे बेअरिंग, झिजलेले असण्याचा संभव अधिक असतो. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मात्र दुसऱ्या बिघाडात तो खोलावा लागत नाही, आणि मालकाच्या खिशाच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो.

पुढची परीक्षा नागोठण्याहून रोह्याकडे जाताना लागणाऱ्या भिसे खिंडीत घेता येते. गिअरच्या प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात: चढावर इंजिन चाकांना फिरवते तेव्हा एक बाजू भार घेते, आणि उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की चाके इंजिनाला फिरवू लागून भार दुसऱ्या बाजूवर जातो. तिसऱ्या गिअरमध्ये चढताना येणारा घूं-घूं आवाज त्याच गिअरमध्ये उतरताना थांबला आणि दुसऱ्या वा चौथ्या गिअरमध्ये ऐकूच आला नाही, तर बिघाड तिसऱ्या जोडीच्या दात्यांत आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. रिव्हर्सचा गुणगुणता आवाज मात्र बहुतेक गाड्यांत दोष नसतो. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असल्याने ते एकमेकांत हळूहळू शिरतात, तर रिव्हर्सचे दाते पुष्कळदा सरळ असतात आणि एकदम भिडतात.

सपाट रस्त्यावर, ठरावीक वेगात क्लच दाबल्यावर इंजिनाचा वेग उतरतो, तरीही गुणगुण तशीच राहिली, तर आवाज चाकांच्या वेगाशी बांधलेला असतो. मग पेणजवळ महामार्गाचे काँक्रीट सोडून डांबरी रस्त्याला लागताच तो बदलतो का, हे पाहिले जाते; बदलला तर तो टायरचा असतो. स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवताच आवाज वाढला, तर वजन उजव्या चाकावर गेल्यामुळे त्या बाजूचे व्हील बेअरिंग संशयित ठरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली, तर ती बहुधा एक्सलच्या बाहेरच्या सांध्याची असते.

पावसाळा या सर्वांत एक वेगळे कारण मिसळतो. गिअरबॉक्सला हवा आतबाहेर होण्यासाठी ब्रीदर नावाचे बारीक छिद्र असते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात बुडून अचानक थंड झाला, तर आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी ओढले जाऊ शकते. अशा गाडीचा ड्रेन प्लग काढल्यावर ऑइल दुधाळ निघते. प्लगवर चुंबक असल्यास त्याला चिकटलेला राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज होय. परंतु तो लेप दोन बोटांत चोळताना टोचणारी कपची हाताला लागली, तर बेअरिंग किंवा दाता तुटू लागल्याची ती खूण असते. नवे ऑइल भरतानाही कंपनीने सांगितलेलाच दर्जा पाळावा लागतो, कारण जीएल-४ सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ भरल्यास सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन भागांचे वेग सारखे करणाऱ्या, पितळी कड्यांना काही वेळा अपाय होतो.

या पद्धतीचे मोल अचूकतेइतकेच तिच्या उघडेपणात आहे. अनुभवी कानाने दिलेला निर्णय मालकाला विश्वासावर स्वीकारावा लागतो. पण मालकालाच सीटवर बसवून, त्याच्याच पायाने क्लच दाबायला लावून आवाज थांबलेला ऐकवला, की पाना हातात घेण्यापूर्वीच बिघाड कोठे असावा हे दोघांनाही सारखेच कळलेले असते.